ताकाला जाऊन भांडं लपवायचं कशाला?



गेल्या महिन्यात आमच्या बचत गटाची बैठक होती. हप्ते गोळा करून झाले, वहीवर सह्या झाल्या, आणि उठायच्या बेतात असताना माझ्या पुतणीने मोबाईल पुढे केला. म्हणाली, "काकू, ही बघा स्मूदी. पोटाला फार चांगली." आम्ही सगळ्या डोकी एकत्र करून बघायला लागलो. ओट्स नावाचं धान्य रात्री दह्यात भिजत घालायचं, सकाळी त्यात केळं टाकून मिक्सरला फिरवायचं आणि पेल्यातून प्यायचं. पोट साफ होतं, पचन सुधारतं, दुपारपर्यंत भूक लागत नाही, असं ती सांगणारी बाई हसत हसत सांगत होती. तालुक्याच्या दुकानात त्या ओट्सच्या पाकिटाची किंमत बघून आलेली एक जण लगेच म्हणाली, "एवढ्यात पायलीभर ज्वारी येईल की गं!"

कोपऱ्यात आमच्या गटातल्या सगळ्यांत थोरल्या आजी बसल्या होत्या. त्यांना नीट दिसत नाही, म्हणून त्यांनी सगळं ऐकूनच घेतलं होतं. त्या म्हणाल्या, "धान्य रात्री आंबट दह्यात भिजवायचं, सकाळी प्यायचं. आगं, ही तर आंबील हाय. तुम्ही ती सोडली म्हणून तिला परदेशात जावं लागलं व्हय?"

सगळ्या हसल्या. पण मला घरी गेल्यावरही ते बोलणं डोक्यातून जाईना. खरंच, आपण ती सोडली कधी? कुणी सोडायला लावली? माझ्या लग्नाला आता एकतीस वर्षं झाली. मी नवी नवरी होऊन या माणदेशात आले तेव्हा सासूबाईंच्या चुलीशेजारी आंबिलीचं गाडगं असायचं. आज आमच्या गल्लीत एकाही घरात ते नाही. म्हणून आजच्या भाषणात ताकाचा आणि आंबिलीचा इतिहास सांगायचं ठरवलं. राजा-महाराजांचा इतिहास आपण शाळेत शिकलो. हा आपल्याच चुलीचा आहे.

आधी शब्दाकडे बघू. आंबील हा शब्द आला आम्ल, म्हणजे आंबट, या शब्दावरून. आपण ज्वारीची करतो, कोकणात नाचणीची करतात. कर्नाटकात गेलात तर तिथे नाचणीची 'अंबली', तेलंगणातही जवळपास तेच नाव. तमिळनाडूत तिला 'कूळ' म्हणतात, आणि तिथल्या आडि महिन्यात, म्हणजे साधारण आपल्या आषाढ-श्रावणाच्या सुमारास, मारिअम्मनच्या देवळापुढे मोठमोठ्या भांड्यांत कूळ शिजवून येईल त्याला वाटतात. आपल्याकडेही तसंच. माझं माहेर कोल्हापूरकडचं. तिथे मार्गशीर्षात ओढ्यावरच्या रेणुकेची आंबील यात्रा भरते. बायका घरून डबे भरून आणतात: आंबील, भाकरी, वरण्याची आमटी, मेथी, कांद्याची पात, वांग्याची भाजी. देवीला दाखवायचा आणि तिथेच बसून एकमेकींना वाढून खायचं. विदर्भात भाद्रपदात महालक्ष्म्या बसतात तेव्हा पुरणपोळीच्या शेजारी ज्वारीची आंबील लागतेच. पुरण एक वेळ कमी पडलं तर चालेल, आंबील चुकली तर सासू बोलते.

आता बघा, देवीला आपण काय देतो? जे आपल्याला मोलाचं वाटतं तेच ना. देवळात आंबील टिकली याचा अर्थ एके काळी ती घराघरात मानाची होती. घरातून गेली, नैवेद्यात राहिली. पुष्कळ गोष्टींचं असंच होतं.

ताकाचं नाव तर याहून जुनं. आयुर्वेदाचे जे दोन मोठे ग्रंथ, चरकाचा आणि सुश्रुताचा, त्या दोन्हीत 'तक्र' आहे. चरकसंहितेत मूळव्याध आणि ग्रहणी, म्हणजे खाल्लेलं न पचता पोट वारंवार बिघडणं, या दोन दुखण्यांत ताकाची फार थोरवी सांगितली आहे. सुश्रुतसंहितेत ताक कशाला म्हणावं हेही दिलंय: दह्यात निम्मं पाणी घालून घुसळायचं आणि लोणी काढून घ्यायचं, मग ते ताक. पाणी न घालता आणि लोणी न काढता घुसळलेल्याचं नाव वेगळं. पुढे सोळाव्या शतकातल्या भावप्रकाशात याचे पाच प्रकार नावानिशी आले आहेत. पाच! आपण आता दुकानात जाऊन 'एक ताक द्या' एवढंच म्हणतो.

एक गंमत सांगते. सुश्रुत म्हणतो, उन्हाळ्यात ताक देऊ नये. अशक्ताला, चक्कर येणाऱ्याला देऊ नये. आता आपल्याकडे तर उन्हातून आलेल्या माणसाच्या हातात आधी ताकाचा तांब्या द्यायची रीत. आपल्या आया-आज्यांनी सुश्रुताचं हे काही ऐकलेलं दिसत नाही. त्यांचं ताक बहुधा पातळ, पाणी जास्त घातलेलं असणार, आणि त्यांना ते सोसत होतं. ग्रंथ एकीकडे, चूल एकीकडे.

आणखी एक जुना ग्रंथ आहे, 'मानसोल्लास'. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातला राजा तिसरा सोमेश्वर, त्याच्या नावावरचा हा ग्रंथ, बाराव्या शतकातला. राजाने काय खावं, कसं खावं, हे त्यात रंगवून सांगितलं आहे. पण त्यातली मला आवडलेली गोष्ट राजाच्या ताटातली नाही. महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात, अशी नोंद त्या ग्रंथात आहे. जवळजवळ नऊशे वर्षांपूर्वी कुणीतरी आपल्यासारख्या बायकांचं कांडण कान देऊन ऐकलं आणि लिहून ठेवलं. पण त्या कांडणाऱ्या बायका सकाळी काय पिऊन कामाला लागायच्या, ते कुणी लिहिलं नाही. ते आपण आपल्या म्हणींतून काढायचं.

म्हणी बघा किती. दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात. ताकापुरतं रामायण. ताकापुरती आजी. ताकास तूर लागू न देणं. आणि सगळ्यांत ओळखीची, ताकाला जाऊन भांडं लपवणं. एवढ्या म्हणी भाताच्या नाहीत, गव्हाच्या तर नाहीतच.

या म्हणींत एक मोठा इतिहास आहे. 'ताकापुरती आजी' म्हणजे ताक हवं असेल तेवढ्यापुरतं एखाद्या म्हातारीला गोड आवाजात आजी म्हणायचं. 'ताकाला जाऊन भांडं लपवणं' म्हणजे मागायला तर गेलोय, पण तोंडाने मागायची लाज वाटते, म्हणून भांडं पदराआड धरायचं. दोन्हींतून एकच गोष्ट दिसते. ताक विकत मिळत नव्हतं, ते मागून मिळत होतं. कुणाच्या तरी घरी ते उरत होतं.

का उरत होतं? कारण गावातून बाहेर विकायला जायचं ते तूप. दूध नासतं. बैलगाडीने दूध शहरात पोचेपर्यंत त्याचं पाणी व्हायचं. तूप मात्र महिनोन्महिने टिकतं, म्हणून घरची बाई दूध विरजायची, दही घुसळायची, लोणी कढवायची आणि तुपाचा डबा बाजारात जायचा. तूप काढल्यावर मागे राहायचं ते ताक. त्याला भाव नव्हता, कारण ते न्यायचं कसं? म्हणून ते घरात, गड्याला, शेजारी, दारी आलेल्याला. ज्याच्या गोठ्यात काहीच नाही त्यालाही गावात ताक मिळायचं, ते अशा हिशेबाने. पैशाचा व्यवहार तुपाचा, पोटाचा ताकाचा.

पण याला सोनं लावून सांगायला मी बसलेले नाही. दोन गोष्टी बोलायलाच हव्यात.

एक म्हणजे कष्ट. माझी आजी पहाटे कोंबडा आरवायच्या आधी उठायची. आधी जातं, मग घुसळण. घुसळखांबाला रवी अडकवलेली, डेऱ्यात दही, आणि रवीच्या दोरीची दोन टोकं दोन हातांत. ऊन वर आलं की लोणी नीट येत नाही म्हणून ते अंधारातच उरकायचं. तिच्या दोन्ही तळव्यांवर दोरीने पडलेले घट्टे शेवटपर्यंत होते. आम्ही पोरी लोण्याच्या गोळ्याकडे डोळे लावून बसायचो, तिच्या हातांकडे कुणी बघितलं नाही. आणि तुपाचे पैसे आजोबांच्या कनवटीला.

दुसरी गोष्ट सांगायला जड जाते. ताक सगळ्यांना मिळायचं, पण सगळ्यांना सारखं मिळत नव्हतं. माझ्या लहानपणी गावाच्या पलीकडच्या वस्तीतल्या बाया दारात यायच्या, अंगणाच्या खाली उभ्या राहायच्या. आजी वरून, हातभर अंतरावरून त्यांच्या भांड्यात ताक ओतायची. शिंतोडे उडायचे. एकदा एका बाईच्या लुगड्यावर सगळं सांडलं आणि ती काही न बोलता पदर पिळून निघून गेली. मी सात-आठ वर्षांची असेन. ते ताक फुकट होतं खरं. त्याची किंमत त्या बाईने दिली. तिच्यापुरतं त्या म्हणीतलं भांडं लपवणं हा विनोद नव्हता.

तर असं होतं ते ताक. आता ते गेलं कसं, ते बघू.

देश स्वतंत्र झाला आणि शहरं वाढली. मुंबईला दूध हवं होतं. गोरेगावला आरे दुग्ध वसाहत १९४९ साली सुरू झाली. त्याआधी १९४६ साली गुजरातेत खेडा जिल्ह्यात शेतकऱ्यांचा दूध संघ उभा राहिला, तोच पुढे अमूल झाला. त्या नमुन्यावर देशभर संघ काढायचे म्हणून १९६५ साली राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ आलं, आणि १९७० साली 'ऑपरेशन फ्लड', म्हणजे दुधाचा महापूर, ही योजना सुरू झाली. ती १९९६ पर्यंत तीन टप्प्यांत चालली. वर्गीस कुरियन हे त्यामागचं मोठं नाव. आपल्याकडेही कोल्हापूर, सांगली, सातारा, नगर, पुणे या भागात गावोगाव दूध डेअऱ्या निघाल्या. संकरित गाई आल्या. शीतकरण केंद्रं झाली, टँकर आले. जे दूध पूर्वी गावाबाहेर जाऊच शकत नव्हतं ते रात्रीत मुंबईत पोचायला लागलं.

इथेच सगळं उलटलं. दूधच विकलं जाऊ लागल्यावर ते विरजायचं कशाला? सकाळ-संध्याकाळ किटली घेऊन डेअरीवर जायचं, फॅट बघायची, डिग्री बघायची, पावती घ्यायची. फॅटवर भाव, म्हणून मलईचा थेंबसुद्धा घरात ठेवायला जीव होईना. विरजण बंद, घुसळण बंद, तूप बंद. ताक उरायचा प्रश्नच संपला. ज्याच्या गोठ्यात चार गाई त्याच्या घरी पोरगं कोरा चहा पितंय, असं मी डोळ्यांनी पाहिलंय.

त्या वेळीही यावर मोठा वाद झाला होता. गोव्याचे क्लॉड आल्व्हारिस यांनी १९८३ साली 'इलस्ट्रेटेड वीकली' या इंग्रजी साप्ताहिकात या योजनेवर कडक टीका केली. खेड्यातलं दूध शहराकडे ओढलं जातंय, हा त्या काळच्या टीकाकारांचा एक मोठा मुद्दा होता. दुसऱ्या बाजूचं म्हणणं असं की दहा-पंधरा दिवसांनी हातात रोख येणारं खेड्यात दुसरं काय आहे? खरंय तेही. माझ्या दोन्ही मुलांच्या शाळेची फी डेअरीच्या पैशातून भरली गेली. आजीच्या हातांवरचे घट्टे माझ्या हातांवर नाहीत, तेही डेअरीमुळेच. मी डेअरीला नावं ठेवणार नाही. पण हिशेब मांडताना जमा आणि खर्च दोन्ही मांडायला हवेत, आणि खर्चाच्या बाजूला ताक लिहायचं आपण विसरलो. ज्याच्याकडे जनावरच नाही त्याचं तर दोन्हीकडून गेलं: पैसाही नाही आणि मागायला ताकही नाही.

ताकाची जागा कुणी घेतली? चहाने.

आज आपल्याला वाटतं चहा काय, पहिल्यापासून आहे. तो आपल्या आजीच्या लहानपणी गावात नव्हता. इंग्रजांनी आसामात मळे केले ते विलायतेला चहा पाठवायला. तिकडे भाव पडले तेव्हा इथल्या माणसांना चहा प्यायला शिकवायची मोहीम निघाली. १९३० च्या दशकात चहाचा खप वाढवण्यासाठी एक मंडळ नेमलं गेलं. त्याची माणसं गाड्या घेऊन गावं-शहरं फिरत, चहा करून दाखवत, फुकट पाजत. रेल्वे स्टेशनांवर रंगीत पत्र्याच्या पाट्या लागल्या. गिरण्यांतून कामगारांना चहा मिळायला लागला. गांधीजींनी आरोग्यावर लिहिलेल्या पुस्तकात चहाविरुद्ध लिहिलं, त्यांचं कुणी ऐकलं नाही. मग १९३० च्या सुमारास आसामातच एक यंत्र निघालं, चहाची पानं चिरडून, फाडून, त्यांचे बारीक दाणे करणारं. हा दाणेदार चहा स्वस्त, थोड्या पुडीत काळाभोर रंग येतो, आणि त्याला दूध अगदी कमी पुरतं. डेअरीला घालून उरलेल्या वाटीभर दुधात दही लागत नाही, पण आठ माणसांचा चहा होतो. डेअरी आणि चहाची अशी जोडी जमली.

चहा वाईट असं मी म्हणत नाही, मीही पिते. पण आंबील पोट भरते आणि चहा भूक मारतो, हा फरक शेतावर जाणाऱ्या बाईला कळतो. आपल्यापैकी कितीजणी सकाळी चहावर निघतात आणि बारा वाजता पहिली भाकरी खातात? वर जेवणाबरोबर किंवा जेवण झाल्या झाल्या चहा घेतला तर भाजी-भाकरीतलं लोह अंगाला कमी लागतं, हे आता नर्सबाईही सांगतात. रक्त कमी म्हणून गोळ्या घ्यायच्या आणि गोळीवर चहा प्यायचा, हे आपल्याकडे रोज चालतं. आंबिलीचं याच्या उलट. पीठ आंबवलं की त्यातलं लोह अडवून धरणारं द्रव्य कमी होतं. हे शास्त्र आजीला माहीत नव्हतं, पण आंबवायचं तिने कधी चुकवलं नाही.

आंबील जायला आणखी एक कारण झालं, ज्वारी. १९६४ साली पहिली संकरित ज्वारी आली. दाणा भरपूर, पण भाकरी आपल्या जुन्या ज्वारीसारखी नाही, कडबाही आखूड. आपली शाळू, मालदांडी, जिची निवड सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळच्या केंद्रात झाली, ती अजून टिकून आहे म्हणून बरं. मग १९७२ चा दुष्काळ. ज्या मैत्रिणी साठीच्या पुढे आहेत त्यांना मी काय सांगायचं? पाझर तलावावर, रस्त्यावर खडी फोडायला सगळं गाव. सुकडी मिळायची. रेशनवर अमेरिकेहून आलेली तांबडी मिलो मिळायची. सासूबाई सांगायच्या, त्या मिलोची आंबील त्यांनी एकदा करून पाहिली. घरात ताक नव्हतं, कारण गाय छावणीत नेली होती आणि तिथेच गेली. नुसत्या पाण्यात पीठ आंबवलं. पोरांनी तोंडाला लावलं आणि खाली ठेवलं. "त्या दिवशी मी गाडगं पालथं घातलं," असं त्या म्हणायच्या. पुढे पाऊस झाला, दुसरी गाय आली, गाडगं पुन्हा सुलटं झालं, पण रोजचं राहिलं नाही. आणि सुबत्ता आली तशी रेशनवर गहू आला, चपाती मानाची झाली, ज्वारी-आंबील गरिबाची. पाहुण्यासमोर आंबील काढायची लाज वाटू लागली. इथेही भांडं लपवणं आलंच.

गंमत अशी की आपण लपवत होतो तेव्हा जग शोधत होतं. १९०५ साली स्टामेन ग्रिगोरोव नावाच्या बल्गेरियातल्या तरुणाने त्याच्या देशच्या दह्यातला जंतू सूक्ष्मदर्शकाखाली ओळखला. पॅरिसमध्ये एली मेचनिकॉफ नावाचे मोठे शास्त्रज्ञ होते, १९०८ साली त्यांना नोबेल मिळालं ते दुसऱ्या शोधासाठी. त्यांचं म्हणणं, बल्गेरियातले शेतकरी दीर्घायुषी होतात ते आंबट दुधामुळे. दह्यातले चांगले जंतू आतड्यातल्या वाईट जंतूंना हटवतात. ते स्वतः रोज आंबट दूध पीत. दह्याने माणूस शंभर वर्षं जगतो हे काही खरं ठरलं नाही, ते स्वतः ७१ व्या वर्षी गेले. पण पोटात चांगले जंतू असतात आणि आंबवलेलं अन्न त्यांना मानवतं, हा त्यांचा धागा टिकला. आज 'पोटासाठी चांगलं' म्हणून जे महागडं दह्याचं डबडं विकलं जातं, त्याचा उगम तिथे आहे.

दुसरी गोष्ट आपल्या जवळची. १९७१ साली बांगलादेशच्या युद्धात लाखो निर्वासित बंगालमध्ये आले. बनगावच्या छावणीत पटकीची साथ. सलाईन संपलेलं, माणसं जमिनीवर पडून मरत होती. डॉ. दिलीप महालनबिस यांनी मीठ, सोडा आणि ग्लुकोज पाण्यात कालवून पिंपं भरली आणि नातेवाइकांनाच सांगितलं, पेल्या-पेल्याने पाजत राहा. शंभरातले तीसेक मरत होते, ते तीन-चारांवर आले. तीच आपली जलसंजीवनी, ओआरएस. त्यानंतर जगभर सांगितलं जाऊ लागलं की जुलाब लागले तर पाणी तोडू नका, घरात जे असेल ते पाजा: मीठ घातलेली भाताची पेज, डाळीचं पाणी, मीठ घातलेलं ताक.

आणि आपल्याकडे त्याच वेळी काय चाललं होतं? जुलाब होतायत म्हणून पोराचं पाणी तोडायचं. माझ्या आईचं एक मूल, माझ्या पाठचा भाऊ, असाच गेला. घरात ताक होतं, पेज होती, मीठ होतं. "पाणी देऊ नका, वाढेल," असं शहाण्या माणसांनी सांगितलं आणि आईने ऐकलं. मी मोठी झाल्यावर आरोग्य केंद्रात ओआरएसची माहिती ऐकून घरी आले आणि आईला सांगितलं. ती बराच वेळ चुलीत लाकूड सारत बसली. मग म्हणाली, "मला कुणी सांगितलं न्हाई गं." म्हणून मी हे इथे सांगतेय. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला आईचंच दूध आणि ओआरएस, ताक नाही. त्याहून मोठ्या मुलाला जुलाब झाले तर ओआरएस आधी, झिंकच्या गोळ्या आशाताईंकडून, आणि बरोबर पेज, ताक, पातळ आंबील. डोळे खोल गेले, लघवी थांबली, शौचातून रक्त पडलं तर वाट न बघता दवाखाना.

आता आमच्या गटात पुढे काय झालं ते सांगते. थोरल्या आजींच्या बोलण्यावरून वाद पेटला. कुणी म्हणालं, घरात रोज अर्धा लिटर दूध ठेवू या, विरजू या. लगेच दुसरीने हिशेब केला: लिटरला तीस-पस्तीस रुपये, म्हणजे महिन्याला पाचशेच्या आसपास डेअरीची पावती कमी होणार, आणि पावती नवऱ्याच्या नावावर. "पाचशे रुपये कुठं गेले म्हणून विचारलं तर काय सांगू?" तिला काय उत्तर द्यावं ते कुणाला सुचेना. एकजण म्हणाली, महिन्याला चहा-साखरेला किती जातात ते पण लिही. तिने लिहिलं, आणि मग जरा शांतता झाली. आमच्यातल्या सात घरांनी पावशेर-अर्धा लिटर दूध ठेवायला सुरुवात केली आहे, चार घरांनी नाही. आणि दोघींकडे जनावर नाही, त्यातल्या एकीचा नवरा नाही. त्यांना आठवड्यातून पाळीपाळीने तांब्याभर ताक जातं. त्यांनी यायचं नाही, आमच्यातल्या एकीने नेऊन द्यायचं, हे त्यांनीच ठरवून दिलं.

आता कृती. आजींनी सांगितली तशी, मापं मी घातली आहेत. रात्री चार मोठे चमचे ज्वारीचं किंवा नाचणीचं पीठ एक वाटी आंबट ताकात गुठळ्या न होता कालवून झाकून ठेवा. उन्हाळ्यात सहा-सात तास पुरतात, थंडीत चुलीच्या उबेला ठेवावं लागतं. सकाळी तीन वाट्या पाण्याला उकळी आणा, मीठ टाका, आणि भिजलेलं पीठ एका हाताने ओतत दुसऱ्या हाताने ढवळत राहा. हात थांबला की गाठी झाल्या म्हणून समजा. आठ-दहा मिनिटं मंद आचेवर शिजू द्या, चकाकी येते. उतरवून कोमट होऊ द्या आणि मगच त्यात वाटीभर ताजं ताक, जिरेपूड, ठेचलेली लसणाची पाकळी घालून रवीने घुसळा. ताक गरम आंबिलीत घालू नका, त्यातले चांगले जंतू मरतात, मग आंबवलं कशाला? माझी पुतणी लसूण-मीठ न घालता त्यात अर्धं केळं टाकून मिक्सरला फिरवते आणि तिला स्मूदीच म्हणते. म्हणू दे. चव चांगली लागते.

भांडं मातीचं, चिनी मातीचं किंवा स्टीलचं घ्या. कल्हई गेलेल्या पितळेच्या पातेल्यात ताक ठेवलं की ते कळकतं, आणि कळकलेलं ताक पोटात गेलं तर उलट्या होतात. केलेली आंबील त्याच दिवशी संपवा. साखरेचं दुखणं असेल तर गूळ-केळं घालू नका, आणि भाकरी एक कमी खा, कारण हेही धान्यच आहे. नाचणीच्या आंबिलीला थोडं पाणी जास्त लागतं, ती लवकर घट्ट होते.

कुणाच्या घरी माळ्यावर जुनी लाकडी रवी आणि घुसळखांबाची कडी पडून असेल तर पुढच्या बैठकीला घेऊन या. आमच्या पोरींनी ती बघितलेलीच नाही.